इकडची काडी तिकडे

बाळकुमच्या त्या सतरा मजली टॉवरमधले लोक जनीला मोठी भाविक समजत. रोज पहाटे साडेचारला सत्संगाला जाणारी बाई म्हणजे काय साधीसुधी असेल? तिच्या मुलाने, सुदेशने, सगळ्यांना तसंच सांगून ठेवलं होतं. आता इतक्या पहाटे कुठला सत्संग भरतो, आणि तिथून दुपारी परतणाऱ्या बाईच्या लुगड्याला बोंबलांचा वास कसा काय येतो, हे कोणी विचारलं नाही. टॉवरमध्ये कोण कोणाला विचारतंय!

जनी मासे विकायची. वय वर्षं त्र्याहत्तर. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती दामाजीच्या घरात आली आणि तिसऱ्या महिन्यात सासूने तिच्या डोक्यावर पाटी ठेवली. तेव्हा बाळकुम हे खाडीकाठचं गाव होतं, घरं कौलारू होती, आणि आज जिथे टॉवरचं पार्किंग आहे तिथे दामाजी जाळी वाळत घालायचा. पुढे दामाजी गेला, जमीन बिल्डरकडे गेली, बदल्यात बाराव्या मजल्यावर तीन खोल्या मिळाल्या. सुदेश शिकला, विमा कंपनीत साहेब झाला, सोसायटीचा सेक्रेटरीही झाला. जनीची पाटी मात्र सुटली नाही.

सुटावी म्हणून सुदेशने कमी प्रयत्न केले नाहीत. शेवटी मायलेकांत तह झाला. जनीने ठाण्यात कुठेही बसायचं नाही, टॉवरमधलं कोणी बघेल तिथे तर अजिबात नाही. म्हणून ती पार डोंबिवलीला, मानपाडा रोडला जाऊन बसायची. बाळकुमच्याच चौघी जणी मिळून एक टेम्पो करत, शिळफाट्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालत सातपर्यंत तिथे पोचत आणि ताडपत्री बांधून वाटे लावत. जनीचा हात कोयत्यावर असा चाले की गिऱ्हाइकाचं फोनवरचं बोलणं संपायच्या आत पापलेट साफ होऊन पिशवीत पडलेलं असे. पाटी ती बाळकुम गावातल्या नणंदेच्या पडवीत ठेवायची, तिथेच आंघोळ करून मग लिफ्टने वर यायची. एवढी सगळी उठाठेव कशासाठी, तर लेकाची मान खाली जाऊ नये म्हणून. जनीला त्याचं वाईट वाटायचं नाही असं नाही, पण ती म्हणायची, पोरगं माझं आहे, त्याची लाजसुद्धा माझीच.

गेल्या वर्षी तिचं पोट फुगायला लागलं. दोन घास खाल्ले की भरल्यासारखं वाटे. तिने ओवा खाल्ला, सोडा घेतला, हिंग लावून झालं. लुगड्याची गाठ बसेना तेव्हा टेम्पोतल्या बायका तिला म्हणाल्या, जनीबाय, या वयात दिवस गेले की काय तुला. जनीही हसली. नाक्यावरच्या डॉक्टरने गॅसच्या गोळ्या दिल्या, त्या तीन महिने खाल्ल्या. मग एक दिवस मानपाड्याहून परतताना टेम्पोत चढताना तिला दम लागला, असा लागला की तिघींनी मिळून तिला वर ओढलं, आणि मग कोणी हसलं नाही.

सोनोग्राफी झाली, पोटात पाणी निघालं. ठाण्यातल्या मोठ्या इस्पितळात सुई घालून तुकडा काढला, स्कॅन झाला आणि निदान आलं. ओव्हरीचा कॅन्सर. डॉक्टर मेघना म्हणून एक चाळिशीच्या बाई होत्या, त्यांनी जनीला समोर बसवून स्वच्छ मराठीत सांगितलं. जनीला भीतीपेक्षा आधी रागच आला. तीन बाळंतपणं करून जे सामान वीस-पंचवीस वर्षांपूर्वी निकामी झालं, ज्याची तिला आठवणही राहिली नव्हती, ते आता उठून आपल्या जिवावर येतं म्हणजे काय!

त्याच दिवशी ती गोष्ट घडली, जिच्यामुळे हे सगळं सांगायचं.

सत्तरीच्या पुढच्या पेशंटसाठी डॉक्टर मेघनांकडे एक वेगळा कागद होता. आजी स्वतः आंघोळ करतात का? जिने चढतात? बाजारहाट कोण करतं? स्वयंपाक? एकट्या बाहेर जातात का? जनी पोटातल्या पाण्याने धापा टाकत होती, तिच्याने दोन शब्द धड बोलवत नव्हतं. म्हणून डॉक्टर सुदेशकडे वळल्या. आणि सुदेशने तेच सांगितलं जे तो पाहुण्यांत, ऑफिसात, सोसायटीच्या पूजेला सांगत आला होता.

"डॉक्टर, आम्ही आईला इकडची काडी तिकडे करू देत नाही."

बाजारहाट तो करतो. स्वयंपाक वर्षाली करते. आई एकटी कुठे जात नाही, आम्ही जाऊच देत नाही. आंघोळीचं पाणीसुद्धा मीच काढून देते, असं वर्षालीने मागून जोडलं. वर्षाली म्हणजे सुदेशची बायको, एका दातांच्या दवाखान्यात कामाला होती, खोटं बोलणाऱ्यातली नव्हे. पण सासूचं सगळं करणारी सून म्हणवून घ्यायला कोणाला आवडत नाही? डॉक्टर एकेका प्रश्नापुढे खूण करत गेल्या. मग त्यांनी जनीला खुर्चीतून उठून भिंतीपर्यंत चालून यायला सांगितलं. एवढ्या पोटाने जनी जशी चालायची तशी चालली, मध्येच भिंत धरली.

आणि जनी गप्प का बसली? परक्या माणसासमोर लेकाला खोटं पाडायचं नाही, हे एक. दुसरं सांगायला तिला पुढे फार जड गेलं. सुदेश जेव्हा म्हणाला की आईला काडी उचलू देत नाही, तेव्हा तिला बरं वाटलं होतं. तिची सासू मेली त्या दिवशी सकाळीही सुकट निवडत होती. आपल्याला बसून खायला घालणारा मुलगा आहे, हे कागदावर लिहिलं जातंय, याचं तिला क्षणभर सुख झालं.

डॉक्टरांनी ठरवलं ते त्या कागदाला धरूनच ठरवलं. पोटातलं पाणी काढायचं, तीन आठवड्यांनी एक असं एकच औषध शिरेतून द्यायचं, जोरात काही करायचं नाही. ऑपरेशन तर नाहीच, ते यांना झेपणार नाही. सुदेशने मान हलवली. हलकं औषध म्हणजे आईला त्रास कमी, असं त्याला वाटलं.

पहिल्या डोसला जनीच्या शेजारच्या खुर्चीवर विमलाबाई होत्या. कल्याणच्या, निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर, डोक्याला स्कार्फ आणि हातात शब्दकोडं. त्यांनाही तोच आजार. पण त्यांचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते आणि आता दोन औषधांचा चौथा डोस चालला होता. जनीने विचारलं, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी म्हाताऱ्या तुम्ही, मग तुम्हाला सगळं आणि मला एकच बाटली, असं का? विमलाबाईंनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की मी एकटी राहते, दोन जिने चढते, भाजी स्वतः आणते. तुम्ही काय सांगितलंत? जनीने काय सांगितलं गेलं ते सांगितलं.

"अहो, ते काय चहापाण्याच्या गप्पांसारखे प्रश्न होते का," विमलाबाई म्हणाल्या. "त्या उत्तरांवरून औषध ठरतं."

औषध थेंब थेंब पडत होतं आणि जनी बाटलीकडे बघत बसली. तिच्या लेकाने तिचा मान ठेवला होता, आणि त्या मानापायी तिला अर्धं औषध मिळत होतं.

पाणी काढल्यावर तिला हलकं वाटायला लागलं. भूक लागली. आठवड्याभराने ती नणंदेकडे चालत जाऊन आली. मग एका संध्याकाळी जेवताना तिने सुदेशला सांगितलं की डाक्तरनीकडे जा आणि खरं काय ते सांग. सुदेशने आधी टाळलं. मग म्हणाला की बरं चाललंय ना, मग कशाला उगाच. जनीने सोडलं नाही तेव्हा त्याच्या तोंडून खरं निघालं. दामाजी हर्नियाच्या ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी चालत गेला होता आणि टेबलावरून परत आला नव्हता. तेव्हा सुदेश एकोणीस वर्षांचा होता आणि बापाच्या चपला पिशवीत घालून तो घरी घेऊन आला होता. तो म्हणाला, तुझं वय बघ, तू टेबलावर गेलीस तर मी काय करू? आहे तेवढी आहेस ती पुरे मला.

जनीला त्याची दया आली. पण राग त्याहून मोठा आला.

"तुझी लाज मी सांभालली, इतकी वर्सा," ती म्हणाली. "आता तुझी भीती पन मीच सांभालू? आनि मग मी मरू कवा, तू सांगशील तवा?"

सुदेश ताटावरून उठला. पुढचे दोन दिवस जनी आपल्या खोलीत पडून राहायची आणि विचार करायची. सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. मुलगा साहेब आहे, सेक्रेटरी आहे, आणि म्हाताऱ्या आईला लोकांच्या नजरेआड डोंबिवलीला मासे विकायला बसवतो, असंच ऐकणारा म्हणणार. तसं नव्हतं, पण ऐकायला तसंच लागत होतं. एकदा तिला वाटलं, जाऊ दे, झालं आपलं आयुष्य. मग पहाटे टेम्पोचा हॉर्न खाली वाजला, बाकीच्या तिघी निघाल्या होत्या, आणि तिला इतकं रडू आलं की तिने उशी तोंडात धरली. तिला जगायचं होतं. असं सरळ कबूल करायला त्र्याहत्तराव्या वर्षी लाज वाटते, पण होतं ते तसं होतं.

मंगळवारी सुदेश कामावर गेल्यावर वर्षाली तिच्या खोलीत आली. तिने फाइल कापडी पिशवीत घातली, पिशवी जनीच्या हातात दिली आणि सांगितलं की डॉक्टर आज चार नंबरच्या खोलीत बसतात. मी येऊ का, असं तिने विचारलं. जनी नको म्हणाली. वर्षाली दारात उभी राहिली, तिचे डोळे भरले होते, आणि म्हणाली की आई, त्या दिवशी आंघोळीच्या पाण्याचं मी उगाच बोलले. जनीने तिच्या गालावरून हात फिरवला आणि लिफ्टचं बटण दाबलं.

बाळकुम नाक्याहून बस पकडून ती इस्पितळात गेली. लिफ्टला ही रांग, म्हणून दोन मजले जिन्याने चढली, मध्ये एकदाच थांबली. डॉक्टर मेघनांनी तिला पाहिलं आणि तिच्या मागे बघितलं. कोण आलंय बरोबर, म्हणाल्या.

"कोन येनार? एकटीच आलंय," जनी म्हणाली आणि बसली.

मग तिने सगळं सांगितलं. साडेचारचं उठणं, टेम्पो, मानपाडा रोड, कोयता, पाटी, सत्संग, सगळं. पोट फुगायच्या आदल्या महिन्यापर्यंत वीस किलोची पाटी ती स्वतः उचलत होती. मुलाला वाईट म्हणू नका, असं तिने मध्ये तीनदा सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण तो सुदेशवर नव्हता. मी तुम्हाला एकट्यांना विचारायला हवं होतं, एवढंच त्या म्हणाल्या, आणि तो जुना कागद बाजूला ठेवून त्यांनी नवा घेतला. जनी पुन्हा भिंतीपर्यंत चालून आली. या वेळी भिंतीला हात लावायची गरज पडली नाही. तिला एक दांडा पिळायला दिला, हाताची ताकद बघायला, तर त्यावरचा काटा असा वर गेला की डॉक्टरांनी तिच्या तळहाताकडे पाहिलं.

पण त्या बाई उगाच आशा लावणाऱ्या नव्हत्या. हृदय, मूत्रपिंड, सगळं तपासायचं, ते ठीक निघालं तरच पुढे जायचं, असं त्यांनी सांगितलं. दोन औषधं द्यायची तर दर आठवड्याला थोडी थोडी द्यायची. केस जातील. ऑपरेशन चार-पाच तासांचं, मोठं, तुमच्या वयात त्यात धोका आहेच आणि तो मी लपवणार नाही. सगळं नीट झालं तरी आजार पुन्हा उलटू शकतो. आणि आणखी एक, म्हणाल्या. दुसऱ्या औषधाने बोटं बधिर होतात. कोणाची बरी होतात, कोणाची राहतात तशीच. तुमचं काम कोयत्याचं आहे हे आज कळलं म्हणून सांगते, पुन्हा मासे कापता येतील याची खात्री मी देत नाही. तुम्हाला काय हवंय ते तुम्ही सांगा.

जनीने आपली बोटं मांडीवर पसरली. सत्तावन्न वर्षांतल्या किती कापल्याच्या खुणा त्यांच्यावर होत्या, त्या तिलाही मोजता आल्या नसत्या. आपली ओळख या बोटांची आहे हे तिला माहीत होतं, आणि तिला वाईट वाटलं, खूप वाटलं.

"मासली कापायला दुसरी कोन पन मिलल, बाय," ती शेवटी म्हणाली. "जनी दुसरी कुठं मिलनार? करा तुमचा काय तो."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सुदेशला बोलावलं. तो घाम पुसत आला, त्याला वाटलं आता आपली खरडपट्टी निघणार. ती निघाली नाही, आणि म्हणूनच तो रडला. आईच्या शेजारच्या खुर्चीत बसून, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत, चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस. मी तिच्यासाठीच बोललो होतो, असं तो म्हणाला. ते खरंही होतं. जनीने त्याला पदर दिला नाही, पण त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो उठेपर्यंत काढला नाही.

पुढचे तीन महिने सोपे गेले नाहीत. केस गेले. तोंडाला चव राहिली नाही, आणि सुक्या बोंबलाच्या वासाने पोटात ढवळायला लागलं, तेव्हा जनीने स्वतःलाच शिव्या दिल्या. दोनदा रक्त कमी पडलं म्हणून डोस पुढे गेला. बोटांची टोकं आधी मुंग्या आल्यासारखी झाली, मग कापूस लावल्यासारखी. एक दिवस तिच्या हातातून चहाचा कप सुटला आणि फुटला. वर्षाली धावली, पण जनीने तिला थांबवलं आणि तुकडे स्वतः झाडूने गोळा केले. विमलाबाई फोन करायच्या, काय खाल्लं, किती चाललात, शाळेतल्या हजेरीसारखं विचारायच्या. मध्ये पुन्हा स्कॅन झाला, गाठी आक्रसल्या होत्या. हृदयाच्या डॉक्टरने हिरवा कंदील दिला आणि ऑपरेशनची तारीख ठरली.

त्या दिवशी जनीला आत नेताना सुदेशने तिच्या चपला उचलल्या नाहीत. त्याने वर्षालीला त्या उचलायला सांगितलं आणि स्वतः जाऊन जिन्यात बसला. सहा तास लागले. दिसत होतं तेवढं सगळं काढलं, असं डॉक्टर मेघना बाहेर येऊन म्हणाल्या, आणि पुढचे दोन दिवस आयसीयूत महत्त्वाचे आहेत, हेही म्हणाल्या. पहिल्या रात्री तिचं बीपी खाली गेलं. दुसऱ्या दिवशी ती भ्रमात बोलायला लागली, दामाजीला हाका मारायला लागली. सुदेशला वाटलं, संपलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले आणि सुनेला विचारलं की हे लोक जेवायला काही देतात की नाही.

त्याच दुपारी तिला वॉर्डात आणलं. फिजिओथेरपीची एक मुलगी, करिश्मा, वॉकर घेऊन आली आणि म्हणाली की आजींना आज उभं करायचं, दारापर्यंत न्यायचं. जनीच्या पोटावर हे एवढे टाके, नळ्या लोंबत होत्या. सुदेश पलंग आणि वॉकर यांच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि त्याने तिच्या दोन्ही काखांत हात घातले. करिश्माने त्याला विचारलं की चालायला जमेल ना हो आजींना?

सुदेशचं तोंड उघडलं होतं. ते त्याने मिटलं.

"तिला विचारा," तो म्हणाला.

करिश्माने जनीला विचारलं. जनीने आधी श्वास घेतला, दुखत होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं. मग तिने त्याच्या आडून हात काढून बधिर बोटांनी वॉकरचा दांडा चाचपला, नीट धरला आहे की नाही हे खाली बघून पक्कं केलं आणि लेकाकडे मान वर केली.

"चालीन की," ती म्हणाली. "तू आधी वाटेतना बाजूला हो."

सुदेशने हात काढले आणि तो भिंतीला लागून उभा राहिला.